पहिला घाणा तळणाऱ्याचा

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी बरीच वर्षं चिपळूणला खाणावळ चालवली, आता ठाण्याला लेकाकडे असते आणि दर महिन्याला या पानावर तुमच्या स्वयंपाकाच्या अडचणींना उत्तरं देते. मापं वाटी-चमच्याची असतात. ग्रॅम विचारलेत तर मी गप्प बसते. या वेळी पत्रांचा ढीग पावसाच्या सुट्टीवरच आला. पत्रं थोडी छाटली आहेत आणि नावं नेहमीप्रमाणे काढली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे रेड अलर्ट आला की माझ्या आणि नवऱ्याच्या, दोघांच्याही ऑफिसला सुट्टी असते. मुलांची शाळाही बंद. सकाळी नऊपासून 'भजी कर' सुरू होतं. मी करते, मला आवडतंही. पण सगळे खिडकीत बसून गरमगरम खातात आणि मी ओट्याशी उभी. शेवटी माझ्या वाट्याला गार भजी आणि तेलकट कढई. आधी सगळी तळून मग एकत्र बसावं तर भजी मऊ पडतात. काही युक्ती आहे का? (डोंबिवली)

उत्तर : युक्त्या दोन आहेत, एक कढईची आणि एक घरच्यांची. कढईची सोपी आहे, ती आधी.

भजी दोनदा तळा. चार मध्यम कांदे उभे पातळ चिरायचे, पाकळ्या हाताने सुट्या करायच्या आणि चमचाभर मीठ चोळून झाकून ठेवायचे. पंधरा मिनिटांत कांदा पाणी सोडतो. तेच पाणी पिठाला पुरतं, वरून थेंबही घालायचा नाही. ओवा हातावर चोळून, तिखट, हळद, मूठभर कोथिंबीर. मग बेसन भुरभुरवत जा. वाटी-सव्वा वाटी लागेल, पण कांदा जेवढं धरून ठेवेल तेवढंच घ्यायचं. दोन चमचे तांदळाचं पीठ आणि दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन. सोडा नको. सोड्याने भजी फुलते खरी, पण तेलही पिते आणि दहा मिनिटांत मान टाकते.

आता मध्यम आचेवर सगळी भजी फिकट पिवळी होईपर्यंतच तळून काढा आणि चाळणीवर पसरा. ताटात, कागदावर, झाकणाखाली अजिबात नाही. गरम भजीतून वाफ निघते, तिला खालून-वरून वाट मिळाली नाही की ती भजीतच मुरते. तुमची भजी मऊ पडतात ती त्यामुळे. एवढं झालं की गॅस बंद करायचा आणि चहा टाकायचा. सगळे ताटं घेऊन बसले की तेल चांगलं तापवून मूठमूठ भजी अर्धा-पाऊण मिनिट परतायची. दुसरं तळणं इतकं झटपट होतं की चहा निवायच्या आत तुम्हीही खुर्चीत असता.

आता घरच्यांचं. माझ्या खाणावळीत नियम होता : पहिला घाणा तळणाऱ्याचा. भजी असोत, वडे असोत की पुऱ्या, पहिला घाणा निघाला की तळणाऱ्याने झारा ठेवायचा, स्टुलावर बसायचं आणि खायचं. बाहेर गिऱ्हाईक कितीही ओरडो. यात मी कुणावर उपकार करत नव्हते. मीठ बसलंय का, पीठ घट्ट झालंय का, तेल कमी तापलंय का, हे पहिल्या घाण्यातच कळतं, आणि उभ्या-उभ्या तोंडात टाकलेल्या तुकड्यावरून ते कळत नाही. तुमच्या घरी हा नियम उद्यापासून लावा. दुसरा घाणा नवऱ्याने तळायचा. झारा धरायला डिग्री लागत नाही, आणि ज्याला खिडकीतून 'अजून आण' म्हणता येतं त्याला कढई कुठे आहे तेही ठाऊक असतं. मुलांना तेलाजवळ नको. त्यांनी चटणी वाढावी, पेले विसळावेत आणि शेवटी ओटा पुसावा.

एक पदार्थ, एक चहा, एवढ्यावर थांबा. भजीवरून बटाटेवडा, वड्यावरून 'जरा शिरा होऊन जाऊ दे' अशी माळ लागली की तुमची सुट्टी संपली म्हणून समजा. संध्याकाळी भूक लागली तर कुकरला खिचडी, तीही ज्याने दिवसभर काही केलं नाही त्याने लावायची.

आणि कोथिंबीर संपली म्हणून कुणाला खाली पिटाळू नका. रेड अलर्ट बहुतेक वेळा चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरहून जास्त पावसाच्या अंदाजावर दिला जातो. कोथिंबिरीवाचून भजी होतात. उरलेलं तेल गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा, पुन्हा तळणीला घेऊ नका.

प्रश्न : आलं घातलं की आमचा चहा फाटतो. रोज नाही, पण पाहुणे आले की हमखास. दूध ताजं असतं. (नाशिक रोड)

उत्तर : पाहुणे आले की तुम्ही घाईत दूध-पाणी एकत्र चढवून वर आलं किसता, बरोबर? कच्च्या आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारं एक द्रव्य असतं. कोमट दुधात ते जोरात काम करतं, उकळीत मरतं. म्हणून आधी पाण्यात आलं ठेचून घालायचं, तीन-चार मिनिटं खळखळून उकळायचं, मग चहाची पूड, आणि शेवटी वेगळं तापवलेलं दूध. गवती चहाची पात मात्र अगदी शेवटी, गॅस बंद करून, झाकण ठेवून. तिचा वास उकळीबरोबर उडून जातो. गुळाचा चहा करत असाल तर गूळ कपात.

प्रश्न : हिंजवडीत पीजीमध्ये राहतो. एक इंडक्शन, एक पातेलं, एक पळी, एक ताट. पावसात घरून काम किंवा सुट्टी असली की बाहेरून मागवतो, ते दीड तासाने गार येतं. भजी-वडे करायची सोय नाही. गरम, झणझणीत, एका भांड्यात होणारं काही सांगा. मी मूळचा जुन्नरचा. (पुणे)

उत्तर : जुन्नरचा माणूस मला हे विचारतोय! अरे बाळा, शेंगोळे कर.

गावाहून येताना हुलग्याचं पीठ आण, कोकणात आम्ही त्याला कुळीथ म्हणतो. दोन वाट्या पिठाला अर्धी वाटी ज्वारीचं किंवा कणकेचं पीठ. सात-आठ लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं, तिखट किंवा हिरव्या मिरच्या, मीठ, हे सगळं ठेचायचं. पीजीत खलबत्ता नसणार, तर वाटीच्या बुडाने ताटात ठेच. अर्धं वाटण पिठात घालून घट्ट मळायचं. लिंबाएवढा गोळा बाजूला ठेव. बाकीच्या पिठाच्या तळहातावर बोटाएवढ्या वळ्या करून टोकं जोडायची, कडी झाली की शेंगोळं झालं. सगळी एका आकाराची झाली नाहीत तरी चालतं, पातळ मात्र सगळी पातळच हवीत, नाहीतर मधे कच्ची राहतात.

त्याच एकुलत्या पातेल्यात तेल, मोहरी, उरलेलं वाटण, हळद. वास सुटला की पाच-सहा वाट्या पाणी. पाणी उकळायला लागल्यावरच शेंगोळे एकेक सोडायचे. आधी सोडलेस तर पिठलं होईल. वीसेक मिनिटं शिजू दे. मग बाजूला ठेवलेला गोळा पाण्यात कालवून ओत, रस्सा दाट होतो. वरून कच्चं तेल, बाजूला कांदा. भाकरी नसली तरी अडत नाही, नुसता वाडगा भरून ओरपायचे. उरलेले दुसऱ्या दिवशी जास्त चांगले लागतात, कारण रस्सा आत मुरलेला असतो.

ज्या दिवशी एवढंही अंगावर येईल त्या दिवशी मऊ भात, तूप, मेतकूट. मेतकूट भाजलेल्या डाळींचं असतं, ते शिजवायचं नसतं. डबा कपाटात ठेव, खिडकीजवळ नको. आणि रूममेटला वळ्या करायला बसव, तुम्हा दोघांचं अर्ध्या तासात उरकेल.

प्रश्न : मी नागपूरची, लग्नानंतर अलिबागला आले. पावसाळी रविवार आला की घरात माशाची आठवण निघते आणि बाजारात तर म्हणतात, बंदी आहे. सासूबाई सध्या गावी आहेत. फळीवरच्या डब्यात सोडे आणि सुके बोंबील सापडलेत. वास उग्र येतो, ते चांगले आहेत की नाहीत तेही कळत नाही. करू काय? (अलिबाग)

उत्तर : डबा सापडला म्हणजे सासूबाईंनी आगोट नीट भरलीय. पावसाच्या तोंडावर जी बेगमी करून ठेवतात, सुकी मासळी, मसाला, कांदे-लसूण, पापड-सांडगे, तिला इकडे आगोट म्हणतात. तो डबा सापडला म्हणून आवरून टाकून देऊ नका, त्या परत आल्या की तुमचं काही खरं नाही.

आधी बंदीचं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीची मनाई असते. मासळीचा हा अंडी घालण्याचा काळ, आणि दर्याही खवळलेला. बिनइंजिनाच्या पारंपरिक होड्यांना यातून सूट आहे, पण अशा हवेत कोण कितीसं बाहेर पडणार? पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते. म्हणजे जूनच्या उत्तरार्धानंतर बाजारात मोठी पापलेटं दिसली तर ती तिकडून बर्फात बसून आलेली किंवा शीतगृहातली असू शकतात. कोळणीला विचारा, ओळख झाली की ती खरं सांगते. खाडीतल्या चिंबोऱ्या मात्र या दिवसांत मिळतात, पण नवख्या माणसाने पहिल्याच पावसाळ्यात जिवंत चिंबोरीशी पंगा घेऊ नये.

आता डबा. वास उग्र येणारच. सुक्या मासळीला खारट, समुद्राचा वास असतो. वास आंबट किंवा कुजका असेल, मासळी हाताला ओलसर-चिकट लागत असेल, बुरशीचे किंवा लालसर डाग असतील, तर टाका. कोरडी, कडक असेल तर बिनधास्त घ्या. पावसात ती सादळते, म्हणून ऊन पडलं की पसरायची आणि पुन्हा घट्ट झाकणाच्या डब्यात.

सोड्याची खिचडी करा. सोडे म्हणजे सोललेली, वाळवलेली कोळंबी. लहान वाटीभर सोडे कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा, दोन-तीनदा धुऊन पिळून घ्या, मोठे असतील तर तुकडे करा. तेलावर खडा गरम मसाला, भरपूर कांदा, आलं-लसूण, मग सोडे. इथे घाई नको, सोडे चांगले परतले गेले पाहिजेत, कच्चट वास तिथेच जातो. हळद, घरातला तिखट मसाला, बटाट्याच्या फोडी, दोन वाट्या धुतलेला आंबेमोहोर, दुप्पटीहून थोडं जास्त गरम पाणी. मीठ जपून, सोडे स्वतःच खारट असतात. झाकण ठेवून मंद आच. वर ओलं खोबरं, कोथिंबीर आणि लिंबू. सीकेपी घरांत ही खिचडी ज्या मानाने वाढतात तो मान तिला आहे. सोबत आमसुलाचं गरम सार ठेवा : सात-आठ आमसुलं गरम पाण्यात कोळून, तुपात जिऱ्याची फोडणी, चिमूट साखर, मीठ, हिरवी मिरची. पावसाळी दुपारी ताकापेक्षा हे बरं.

बोंबील राहू देत सासूबाईंसाठी. त्या आल्या की त्यांच्याकडून कालवण शिका आणि बदल्यात एखाद्या ओल्या रविवारी त्यांना तुमचा गोळाभात खाऊ घाला. भरड्याचे गोळे आणि वर हिंग-मोहरीचं कडकडीत तेल. अलिबागच्या माणसाला भातावर कच्ची-पक्की फोडणी ओतलेली पाहून आधी धक्का बसेल, मग तो दुसऱ्यांदा मागेल.

प्रश्न : आम्ही पाच मित्र, सगळे चाळिशीतले. पावसात सुट्टी जुळली की 'बसायचं' ठरतं. आतापर्यंत धबधब्यावर, धरणावर जायचो. या वेळी बायकोने घरीच बसा म्हणून सांगितलंय. ग्लासाबरोबर फरसाण सोडून काय ठेवावं? तुम्हाला हा प्रश्न चालणार असेल तरच उत्तर द्या. (सातारा)

उत्तर : न चालायला काय झालं? माझ्या खाणावळीत दारूला बंदी होती, पण शनिवारी संध्याकाळी चखण्याची पार्सलं किती जायची ते माझा गल्ला सांगायचा.

बायकोचं ऐका. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. पाणी अचानक वाढलं, बस. वरच्या डोंगरावर किती पडतोय हे खाली उभ्या माणसाला कळत नाही, आणि ग्लास हातात असलेल्याला तर मुळीच नाही. परतीच्या घाटाचा विचार करा. गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर मद्य सापडलं की गुन्हा होतो. पाचांपैकी जो गाडीने घरी जाणार असेल त्याला सारच प्यायला द्या. आणखी एक, आपल्या राज्यात १९४९ च्या कायद्याप्रमाणे प्यायलाही परवाना लागतो. कुणी विचारत नाही म्हणून तो नियम गेलेला नाही.

आता ताटाकडे. फरसाणाचा दोष एवढाच, की ते तहान वाढवतं आणि पोट भरत नाही. तहान लागली की माणूस ग्लास उचलतो. म्हणून बसण्याआधी सगळ्यांनी अर्धी भाकरी आणि पिठलं खाऊन घ्यायचं, ही माझी अट. हसू नका, रिकाम्या पोटी चढते ती लवकर आणि वाईट चढते. प्रत्येकापुढे पाण्याचा तांब्या. मग शेंगा : वाळलेल्या टरफलासकट शेंगा रात्रभर भिजवून मिठाच्या पाण्यात कुकरला चार-पाच शिट्ट्या. सोलायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ हात ग्लासाकडे जात नाही, हा त्यातला फायदा. मोड आलेल्या मटकीत कांदा, टोमॅटो, लिंबू. भाजलेला पापड. खाणारे असतील तर कोरडा जवळा : निवडून, स्वच्छ करून, तव्यावर कुरकुरीत भाजायचा, त्यात कच्चा कांदा, लसूण, तिखट आणि आमसुलाचे बारीक तुकडे. घरभर वास होईल, खिडक्या उघडा, शेजारी शाकाहारी असतील तर मटकीवर भागवा.

आणि हे सगळं तुमची पत्नी करणार असेल तर हे उत्तर वाचून विसरून जा. बसणारे पाच, म्हणजे हात दहा. शेंगा तुम्ही उकडा, कांदा दुसऱ्याने चिरावा, आणि भांडी ज्याने सगळ्यात मोठ्याने गप्पा मारल्या त्याने घासावीत. वहिनींना त्या दिवशी मैत्रिणीकडे किंवा सिनेमाला जाऊ द्या.

प्रश्न : चिवडा, पापड, भडंग सगळं आठवड्यात सादळतं. (पनवेल)

उत्तर : सारखं झाकण उघडू नका. मोठा डबा तसाच राहू द्या, रोजच्यासाठी लहान बरणी भरा. सादळलेला चिवडा कोरड्या कढईत मंद आचेवर हलवा, पूर्ण गार झाल्यावरच भरा. गरम भरलात तर आत घाम धरतो आणि पुन्हा पहिले पाढे.

प्रश्न : आम्ही इंग्लंडात, लीड्सला असतो. इथे पावसाचं कौतुक नाही, पण ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी बँक हॉलिडे असतो आणि त्या दिवशी हटकून पाऊस पडतो. भजी तळली की धुराचा अलार्म वाजतो आणि वास पडद्यांत चार दिवस राहतो. अलार्म काढून ठेवावा का? (लीड्स)

उत्तर : अजिबात काढू नका. कढईत तेल असताना तर मुळीच नाही.

तेलातून धूर निघतोय म्हणजे ते जास्त तापलंय. लहान, खोल कढई घ्या, तेल कमी, घाणे लहान. स्वयंपाकघराचं दार लावा, चिमणी पहिल्यापासून चालू ठेवा. कांदा फार रसाळ असेल तर सुटलेलं थोडं पाणी काढून टाका. सगळं पाणी शोषायला बेसन वाढवत गेलात तर तिथल्या दुकानात मिळतात तसे पिठाचे गोळे होतील आणि त्याला ते लोक भाजी म्हणतीलच.

खरं सांगू का, त्या दिवशी थालीपीठ लावा. भाजणी संपली असेल तर ज्वारीचं पीठ दोन वाट्या, बेसन आणि तांदळाचं पीठ अर्धी-अर्धी वाटी, धने-जिऱ्याची पूड. पिठं कोरडी भाजून घेतलीत तर भाजणीच्या जवळ जाईल. बारीक चिरलेला कांदा, तीळ, तिखट. गार तव्याला तेल लावून त्यावरच थापा, बोटाने पाच भोकं, भोकांत तेल, वर झाकण. धूर नाही, पडद्यांना वास नाही. लोणी तिकडे चांगलं मिळतंच, बिनमिठाचं घ्या. आणि प्रत्येकाने आपलं आपण थापायचं, तिथे नोकरचाकर नसतात म्हणून तुमच्या घरी हे आधीच ठाऊक असेल.

प्रश्न : मासिकात पावसाळी खाण्याचे फोटो पाहिले की चिडायला होतं. आमच्याकडे सुट्टी जाहीर झाली म्हणजे सामान माळ्यावर चढवायचं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात शिरलं होतं. अशा दिवशी वीज नाही, गॅस लावायची भीती. तुम्ही आमच्या गावच्या. आमच्यासाठी काय? (चिपळूण)

उत्तर : तुमची चीड मला पूर्ण समजते, आणि हे पत्र मी मुद्दाम छापायला सांगितलं. रात्री झोप न लागता नदीच्या पातळीचे फोन ज्यांनी घेतलेत, त्यांना भजीची कृती सांगण्यात अर्थ नाही.

जूनमध्येच एक झाकणाचा डबा माळ्यावर ठेवा. त्यात पातळ पोहे, शेंगदाणे, गूळ, मेतकूट, फुटाणे, खजूर, मीठ-साखर, बिस्किटं, काडेपेटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, मेणबत्त्या, औषधं. पाऊस वाढायला लागला की सगळ्यात आधी पिण्याचं पाणी भरून वर न्यायचं, मग फ्रीज-टीव्हीची काळजी. नारळ असतील तर तेही वर. सुरी विसरू नका, लोक सुरीच विसरतात.

भूक लागली की दडपे पोहे. पातळ पोह्यांत नारळाचं पाणी शिंपडायचं, खवलेलं खोबरं, कांदा, मिरची, मीठ, साखर, लिंबू. हाताने एकजीव करून वर ताट आणि त्यावर वजन ठेवून दहा मिनिटं दडपायचे. फोडणी नसली तरी चालते. वेळ असेल तर सकाळीच फोडणी करून बाटलीत भरून ठेवा. पोहे मुळात शिजवून कुटलेले असतात, म्हणून विस्तव लागत नाही.

पाणी जोत्याशी आलं की मेन स्विच बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. पाण्यात बुडालेला सिलिंडर आणि शेगडी तपासून घेतल्याशिवाय पेटवायची नाही. पुराचं पाणी लागलेलं पीठ, तांदूळ, भाजी, सगळं टाका. जीव तुटतो, तरी टाका. पिण्याचं पाणी पुढचे बरेच दिवस उकळूनच.

पाणी ओसरल्यावर चिखल काढायला जी माणसं येतील त्यांच्यासाठी पिठी-भात. कुळथाचं पीठ, आमसूल, लसूण, एका पातेल्यात पन्नास माणसं जेवतात. वाढणाऱ्याने आधी दोन घास खाऊन मग वाढायला उभं राहायचं, हे तिथेही विसरू नका.

प्रश्न : मी आठवीत आहे. पावसामुळे शाळेला सुट्टी मिळाली, पण आई-बाबांना नसते. मला गॅस लावायला परवानगी नाही. लहान बहीण सारखं काहीतरी खायला मागते. मॅगीशिवाय सांगा, कारण त्यालाही गॅस लागतो. (कोल्हापूर)

उत्तर : कोल्हापूरचा आहेस, घरात भडंग असणारच. कांदा, लिंबू, कोथिंबीर घालून दोघांनी खा. सुरी चालवायची परवानगी नसेल तर कांदा आईने सकाळी चिरून ठेवावा, हे तिला आजच सांग.

ते संपलं की कच्चे पोहे. पातळ पोहे दोन मुठी, चमचाभर शेंगदाण्याचं तेल, तिखट, मीठ, किंचित साखर, शेंगदाणे. हाताने नीट चोळायचं, म्हणजे तिखट सगळीकडे लागतं. बहिणीचं वाडगं आधी वेगळं काढ आणि त्यात तिखट नावापुरतं. गोड हवं असेल तर दूध, गूळ आणि पोहे, पाच मिनिटं भिजू देत. केळं असेल तर कुस्करून घाल.

पहिला घास तू खायचा, कारण केलंस तू. मीठ कमी असलं तर तुलाच कळायला हवं. मग बहिणीला दे. तिला वाडगी विसळायचं काम दे, चार-पाच वर्षांची असली तरी येतं.

पुढच्या अंकात उपासाचे प्रश्न घेणार आहे. 'साबुदाण्याची खिचडी चिकट होते' हे कुणी पुन्हा लिहू नका, ती पत्रं आधीच पुष्कळ आली आहेत. तुमच्या भागात वऱ्याच्या तांदळाला काय म्हणतात आणि त्याच्याबरोबर आमटी कशाची करतात ते मात्र जरूर लिहा. पत्रं महिन्याच्या वीस तारखेपर्यंत पोचली पाहिजेत.